जिभेवरचं कुलूप

“तुझ्या पोरीच्या जिभेला काय सोनं लागलंय का रे, सुयोग?”

“सोनं नाही मॅडम, अक्कल लागलीय. या अख्ख्या केंद्रात मिळून नाही तेवढी.”

बोलून झाल्यावर सुयोग घोलपला कळलं, जरा जास्तच गेलं. पण तोंडातून निघालेलं परत गिळायची त्याला सवयच नव्हती. प्रयोगशाळेतली बाकीची माणसं एकदम आपापल्या संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसून बसली. दोघा-तिघांचे पडदे तर बंदच होते, तरी बसली.

डॉ. वैजयंती बिरादार मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. सोनारखेडच्या माळावरचं हे वनस्पतीसंवाद केंद्र त्यांनी उभं केलेलं. सुयोगला कॉलेजातून उचलून इथं आणला तोही त्यांनीच. त्याच्या लग्नात त्या वरमाईसारख्या मिरवल्या होत्या. म्हणून त्या त्याला अरे-तुरे करायच्या, आणि म्हणूनच तो त्यांना असं तोंडावर बोलायचा. दुसरा कुणी असता तर त्याची पिशवी एव्हाना गेटबाहेर पडली असती.

“सोमवारपासून अंगणवाडीतल्या पोरांनाही कडूबंदचे थेंब द्यायचं ठरलंय,” मॅडम म्हणाल्या. “मोठी माणसं घेतात. शाळेतली पोरं घेतात. राहिली ही चिमुरडी. तुझी ईरा काय आभाळातून पडलीय?”

“तिच्या जिभेवर एक थेंब पडला ना, तर अंगणवाडी डोक्यावर घेईन मी.”

“मग बसव तिला घरी.”

“बसवतो.”

“आणि खायला काय घालशील? बाजारातला एक दोडका तरी थेंबाशिवाय घशाखाली उतरतो का आता?”

“आम्हाला बाजार लागतच नाही. परसात मी पिकवतो, मयूरी शिजवते, ईरा खाते. माझ्या पोरीची जीभ जन्मली तशी आहे, आणि ती तशीच राहणार. या जिल्ह्यात तशी एकच जीभ उरली असेल, तर एक. माझी आणि मयूरीची धरली तर तीन.”

हे असंच पेटत गेलं असतं. पण कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा पीत बसलेले दराडे साहेब मोठ्यानं खाकरले. दराडे आरोग्य खात्याचे. पोटानं गोल, बोलायला गोड, आणि या जिल्ह्यात बदलून येऊन त्यांना महिनाच झालेला. अंगणवाडीच्या थेंबांवर शेवटचा शब्द त्यांचा होता. सुयोगनं तक्रार केली म्हणून ते आज जातीनं आले होते.

“भांडा हो, भांडायला ना नाही,” ते म्हणाले. “पण कशावरून भांडताय ते आधी मला कळू द्या. मी इतकी वर्षं हिवतापात होतो. डास विचारा, सांगतो. दुधीतलं मला काही कळत नाही.”

सुयोग त्यांच्या समोर स्टूल ओढून बसला. शिकवायला लागला की त्याचा राग उतरायचा. थोडा.

“साहेब, गवत कापल्यावर वास येतो, तो घेतलाय कधी?”

“घेतलाय की. छान असतो.”

“छान? ती किंकाळी असते गवताची.”

दराड्यांनी कप खाली ठेवला.

“झाडाला पळता येत नाही,” सुयोग म्हणाला. “अळी पान खायला लागली की त्याला करता येतं ते एवढंच, वास सोडायचा. वाऱ्यावर तो वास शेजारच्या झाडाला मिळतो. शेजारी काय समजायचं ते समजतो, आणि अळी यायच्या आधीच अंगात कडू भरून ठेवतो. अळी येते, चावते, थू करते. बरं, हा शेजारी एकटाच शहाणा होऊन गप्प बसत नाही. तोही वास सोडतो. मग त्याचा शेजारी, मग त्याचा. गावात बोंब कशी फिरते, या घरातून त्या घरात? तशी.”

“अरे वा. आणि आपण म्हणतो झाडं मुकी.”

“आपण बहिरे आहोत. तर तो वास आम्ही इथं बनवला. म्हणजे मीच बनवला. त्याला नाव दिलं धोकागंध. शेतात खांब रोवले, गंधखांब. दिवसभर थोडा थोडा धोकागंध सोडत राहतात. पिकाला वाटतं, अळी आली, अळी आली. ते बारा महिने सावध. कीड लागत नाही, फवारणी लागत नाही. लोकांनी खांबांना नारळ फोडले साहेब. हळद-कुंकू वाहिलं.”

“मग बिघडलं कुठं?”

“झाड सावध राहतं म्हणजे कडू राहतं. आणि ही दुधी, काकडी, पडवळ, दोडका, सगळी भावकी मूळची कडूच. रानातला मूळ दुधी गुरंसुद्धा हुंगून सोडतात. माणसानं हजारो वर्षं बी निवडत निवडत त्यातलं कडू झोपवलं होतं. आम्ही त्याच्या कानाशी रात्रंदिवस बोंबललो. ते उठलं.”

“मग खांब काढून टाकायचे!”

“काढले नाहीत.” सुयोगनं मॅडमकडे बघितलं. “खांब तसेच ठेवले आणि माणसाची जीभ बदलली.”

आता मॅडम पुढं आल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. सुयोगला ते जास्त लागायचं. “खांब का ठेवले तेही सांग ना साहेबांना. नाही सांगणार तू. मी सांगते. माझा सख्खा भाऊ फवारता फवारता बांधावर पडला. पाठीवर पंप तसाच. तोंडाला फेस. दरवर्षी आमच्या भागातून अशी माणसं उचलून नेत होते. खांब आल्यापासून एक नाही. कडू लागतं म्हणून मी पुन्हा पंप आणू? थोडं कडू लागतं म्हणून?”

सुयोगनं मान खाली घातली. मॅडमच्या भावाच्या दिवसांना तो गेला होता.

“कडूबंद म्हणजे साधी गोष्ट आहे, साहेब,” मॅडम पुढं म्हणाल्या. “जिभेवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यांना दरवाजे असतात असं समजा. कडू पदार्थ त्या दरवाजातून शिरला की मेंदूला घंटी जाते. आमचा थेंब तेवढा दरवाजा लावून घेतो. बाकी गोड, आंबट, खारट सगळं जसंच्या तसं. थेंबाला स्वतःची चव नाही, वास नाही. जिभेच्या पेशी तशाही आठ-पंधरा दिवसांत मरतात आणि नव्या येतात, म्हणून थेंब दर आठवड्याला घ्यायचा. सोडला तर चव आपोआप परत. यात वाईट काय आहे?”

“गोडाला किती दरवाजे असतात मॅडम?” सुयोगनं विचारलं.

“एका जातीचे.”

“आणि कडूला?”

मॅडम चष्मा पुसायला लागल्या.

“पंचवीस जातींचे,” सुयोग दराड्यांना म्हणाला. “गोडाला एक, कडूला पंचवीस. निसर्ग काय येडा आहे? गोड ओळखायला चुकलं तर माणूस फार तर उपाशी राहतो. कडू ओळखायला चुकलं तर मरतो. विष बहुतेक कडू असतं. ती चव नाहीच, ती पाटी आहे, ‘आत जाऊ नका’ म्हणून. यांनी पाटी पुसली. गेल्या महिन्यात इथल्याच एका पोरानं आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खडीसाखरेसारख्या चघळल्या. आया पोराचं अंगावरचं दूध तोडायला कोरफड लावतात, पोरं कोरफडीसकट पितात. लोक हसतात. लग्नाच्या पंगतीत कारल्याची भाजी वाढतात आता, वर आग्रह करतात!”

“कारलं मला पहिल्यापासून आवडतं,” दराडे म्हणाले. मग स्वतःच ओशाळून म्हणाले, “ते जाऊ द्या. पण भाजीतलं विष तुम्ही मोजत असाल ना?”

“प्रत्येक गाडीचं,” मॅडम म्हणाल्या. “अझहर, सांग.”

अझहर तांबोळी केंद्राचा रसमापक सांभाळायचा. म्हणजे भाजीचा रस घातला की त्यात कडू विष किती ते सांगणारं यंत्र. सुयोगच्याच वयाचा, पण भांडण सुरू झालं की यंत्राच्या मागं जाऊन उभा राहणारा. तो तिथूनच म्हणाला, “सरासरी मर्यादेच्या खूपच खाली असते साहेब. एकदाही वर गेली नाही.”

“सरासरीनं माणूस मरत नाही अझहर!” सुयोग उसळला. “एका दुधीनं मरतो. वेलाला पाणी कमी पडलं, ऊन लागलं, वर हा धोकागंध, की एखाद्या दुधीत दहापट विष उतरतं. शेजारचा दुधी, त्याच वेलाचा, एकदम साधा. तू अख्ख्या गाडीतले दोन घेतोस. शिजवून ते विष जात नाही, मीठ-मसाल्यानं जात नाही. रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब पडतो, आणि त्याच्यावर उतारा नाही. कुठलाच नाही. आधी काय होतं? माझी आई दुधी कापताना आधी एक काप तोंडात टाकायची. काकडीचं देठ कापून चाखायची. कडू निघाली की उकिरड्यावर. प्रत्येक घरात, प्रत्येक बाई. प्रत्येक दुधीगणिक एक रसमापक होता देशात, फुकटचा! तो यांनी बंद पाडला.”

“आणि तरी माणसं मेली नाहीत,” मॅडम म्हणाल्या.

“पोटाच्या तक्रारी किती वाढल्यात ते साहेबांना विचारा.”

दराडे खुर्चीत हलले. “वाढल्यात खऱ्या. पण त्या पाण्यानं वाढल्या असं आमचं खातं म्हणतं.”

“खातं कडूबंद घेतं साहेब. खात्याला काही कडू लागतच नाही.”

दराडे खदखदून हसले. त्यांना सुयोग आवडला असावा. हात चोळत ते उठले. “असं करू. मी डासांचा माणूस, मला डोळ्यांना दिसलं की पटतं. तुम्ही म्हणता, यंत्राला जे सापडत नाही ते जिभेला सापडतं. तुमची जीभ उघडी आहे ना? मग दाखवा. अझहरभाई, शेतातले पाच दुधी आणा. प्रत्येक मोजा. पाचांत एक तरी वाईट मिळेल ना?”

“शोधला तर मिळेल,” अझहर हळूच म्हणाला. मॅडमनी त्याच्याकडे असं बघितलं की तो परत यंत्रामागं गेला.

“बस. तर उकडून पाच वाट्या ठेवा. घोलपांनी चाखायचं, थुंकायचं, आणि वाईट वाटी उचलून दाखवायची. दाखवली, तर सहा वर्षांखालच्या पोरांचे थेंब मी आजच थांबवतो, मग वरून कुणाचाही फोन येऊ दे. नाही दाखवली, तर घोलप, तुमच्या मुलीला सोमवारी थेंब. आणि पुन्हा तक्रार नाही. कबूल?”

“कबूल,” सुयोग म्हणाला. दराड्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

त्याला आनंद झाला होता. पोरगं कुस्ती बघायला जातं आणि त्यालाच आखाड्यात बोलावतात, तसा. दोन वर्षं तो हेच ओरडत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. आता ईराच्या जिभेसाठी त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. तोंड उघडण्यात तो कधी कमी पडला होता?

वाट्या तयार होईपर्यंत दुपार झाली. खिडकीबाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गंधखांबांच्या रांगा दूरवर दिसत होत्या, आणि त्यांच्यामधून हिरवेगार मांडव. एका पानाला भोक नाही. लांबून बघितलं तर स्वर्ग.

मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, “सुयोग, शेवटचं विचारते. तू थेंब घेत नाहीस. बाहेरचं खाल्लेलं नाहीस. नाहीतर मागाहून म्हणशील, कॅन्टीनच्या चहात होतं.”

“कॅन्टीनचा चहा मी सोडलाय, त्यातच असतं म्हणून.” सुयोगनं पिशवीतून स्टीलची बाटली काढून टेबलावर दाणकन ठेवली. “घरचा डबा, घरचं पाणी. घरच्या माठातलं. माझ्या जिभेची चौकशी करू नका मॅडम, तुमच्या वाट्यांची काळजी करा.”

त्यानं चूळ भरली आणि पहिल्या वाटीतला काप उचलला.

मऊ, पाणचट, किंचित गोड. थुंकला. पुन्हा चूळ.

दुसरी वाटी. तशीच.

तिसरी. तशीच. इथं त्याला जरा मजा वाटली. म्हणजे चौथी किंवा पाचवी, असणारच. त्यानं दराड्यांकडे बघून भुवया उडवल्या.

चौथी. मऊ, पाणचट, किंचित गोड.

मग पाचवीच. त्यानं काप जिभेवर ठेवला आणि आधीच तोंड वाकडं केलं. माणूस औषध घेताना करतो तसं. तोंड वाकडं तसंच राहिलं आणि जिभेवर काही आलंच नाही. मऊ. पाणचट. किंचित गोड.

तो थुंकला. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

“परत बघतो,” तो म्हणाला.

“बघा की. घाई नाही,” दराडे म्हणाले.

त्यानं परत पाचही चाखल्या. या वेळी जिभेच्या मागच्या बाजूला दाबून, डोळे मिटून. काही नाही. पाचही एका आईच्या लेकी.

“तिसरी,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

अझहरनं वाट्या उचलून खालचे आकडे बघितले. वर बघायलाच तो तयार होईना.

“बोल ना अझहर.”

“चौथी, दादा.” अझहर म्हणाला. “चौथीत मर्यादेच्या कितीतरी पट आहे. थेंबाशिवायच्या माणसानं तोंडात घातली तर ताडकन उठून पळावं, एवढं. तुम्ही दोनदा चाखली.”

दराड्यांच्या तोंडावर हसू आलं, पण अर्ध्यातच अडकलं, कारण मॅडम हसत नव्हत्या. मॅडमना जिंकल्याचं काहीच वाटत नव्हतं. त्या सुयोगच्या तोंडाकडे बघत होत्या.

“अझहर, गेटजवळच्या कडुनिंबाचा पाला घेऊन ये. कोवळा नको, जून पाहिजे.”

अझहर धावत गेला आणि आला. मॅडमनी चार पानं सुयोगच्या हातात ठेवली. “चाव.”

“मॅडम, मी काय…”

“चाव म्हटलं ना.”

त्यानं चावली. करकरीत पानं. मटाराची सालं चावावी तसं. त्यानं आणखी चावलं, रस जिभेवर सगळीकडे फिरवला. पाडव्याला याच पाल्याची चटणी खाताना लहानपणी तो घरभर पळायचा, आई मागून गूळ घेऊन. आता तो बैलासारखा रवंथ करत उभा होता आणि त्याला काहीही होत नव्हतं.

“थुंका दादा,” अझहर कळवळून म्हणाला. “थुंका ना.”

“तुझ्या जिभेला कुलूप आहे, सुयोग,” मॅडम म्हणाल्या. “आठवड्याच्या आत कधीतरी थेंब पडलाय तुझ्या तोंडात.”

आधी आला तो अर्थातच राग. दुसरं काही यायच्या आधी त्याला तोच यायचा. “तुम्ही घातलं! माझ्या पाण्यात! मी हरावं म्हणून! अझहर, तूच बाटली…”

“दादा, तुमच्या बाटलीला हात लावायची कुणाची टाप आहे इथं? परवा मी नुसती बाजूला सरकवली तर तुम्ही माझा बाप काढला.”

“मोज ते पाणी,” मॅडम म्हणाल्या.

अझहरनं यंत्र कडूबंद शोधायला लावलं आणि बाटलीतलं घोटभर पाणी त्यात घातलं. यंत्र थोडं गुणगुणलं आणि थांबलं. सगळ्यांनी पडदा बघितला. वाचून सांगायची गरज नव्हती.

घरच्या माठातलं पाणी.

सुयोगनं घरी बायकोला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून. वाजला, वाजला, मग मयूरीनं उचलला. मागं नळाचा आवाज येत होता.

“मयूरी, माठात काय टाकतेस तू?”

नळ बंद झाला.

“कडूबंद टाकतेस?”

“ओरडू नका,” ती म्हणाली. “ओरडणार असाल तर ठेवते मी.”

“मी ओरडत नाहीये.” तो खरंच ओरडत नव्हता. “कधीपासून?”

“गेल्या उन्हाळ्यापासून. मी तुम्हाला म्हणाले होते, दुधी कडू लागतोय हो. आठवतं? तुम्ही म्हणालात, आपल्या परसातलं कडू होऊच शकत नाही, मी स्वतः मोजलंय, तुझं डोकं फिरलंय. मी म्हटलं, नाही, खरंच लागतोय, ईरासुद्धा थुंकतेय. तुम्ही ताट भिरकावलंत. ईरा पलंगाखाली जाऊन बसली, तासभर निघेना.”

सुयोगला आठवलं. ताट आठवलं नाही, भिंतीवरचा डाग आठवला. तो त्यानं स्वतः पुसला होता.

“पोर जेवेना,” मयूरी सांगत होती. “तुम्ही बाहेरचं आणू देईनात. घरचं तोंडात घालवेना. मग अंगणवाडीच्या ताईंनी बाटली दिली. माठात चार थेंब टाकते. मिटलं सगळं. ईरा जेवायला लागली. तुम्ही तर बोटं चाटायला लागलात. तुम्हीच म्हणता ना, बघ मयूरी, परसातली मेथी, जराही कडसर नाही, हा मातीचा गुण. मी काय बोलणार होते? घरात शांतता होती.”

सुयोग खाली बसला. मॅडमनी त्याच्याकडे न बघताच विचारलं, “घराजवळ धोकागंध कधी मोजला होतास?”

“घर बांधलं तेव्हा. काहीच नव्हतं. शेतं केवढी लांब आहेत मॅडम.”

“मध्ये काय आहे?”

“तेव्हा काहीच नव्हतं. उघडा माळ.” तो थांबला. “आता रस्त्याच्या कडेनं मेंदी लावलीय. पंचायतीनं. तिथून कॉलनीचं हिरवं कुंपण. मग… मग आमचं परस.”

या झाडानं त्या झाडाला सांगायचं, त्यानं पुढच्याला. दराड्यांना हे त्यानं सकाळीच समजावून सांगितलं होतं, हात हलवून हलवून, बोंब कशी फिरते म्हणून. दराडेसुद्धा आता खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. मेंदी चांगली वाढली होती. हिरवी, भरगच्च, कुठं खंड नाही.

म्हणजे त्याच्या परसात वर्षभर बोंब चालू होती. नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळं वेल तहानलेला. वरून हे ऊन. वेल जिवाच्या आकांतानं कडू भरत होता, आणि तो रोज संध्याकाळी त्याच्याखाली उभा राहून पोरीला दुधी मोजायला शिकवत होता. बाजारातल्या गाडीला निदान अझहर तरी होता, दोन दुधी का होईना घ्यायला. त्याच्या परसाला कुणीच नव्हतं. त्यानं कुणाला येऊच दिलं नव्हतं. ना यंत्र, ना जीभ, ना बायकोचा शब्द.

त्याला विचारायचं नव्हतं ते त्यानं मयूरीला विचारलं.

“आज काय केलंस?”

“दुधीच. गच्चीकडचा तो मोठा होता ना, तो काढला. थालीपीठ करणार होते, पण ईराला नको होतं. उकाडा किती आहे. मग रस काढून दिला गार, लिंबू-साखर घालून. आवडला तिला. दुसरा पेला स्वतः मागून प्याली.”

“तू प्यालीस?”

“उरलाच नाही.”

“कुठंय ती?”

“पडलीय. मघाशी ओकली एकदा. ऊन लागलंय बहुतेक, अंगणात खेळत होती. पोट दुखतंय म्हणते. मी आताच फडकं धुवायला… थांबा, परत ओकतेय वाटतं. ईरा? ईरा, थांब बाळा, आले.” फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज. पावलं. मग लांबून मयूरीचा आवाज, वेगळाच. “अहो, हे लाल काय आहे? अहो, तिनं लाल काहीच खाल्लं नाही…”

मॅडमनी आपला फोन काढला होता. जिल्हा रुग्णालयाचा नंबर लावला. “सलाईन तयार ठेवायला सांगते,” त्या म्हणाल्या. यावर उतारा नाही, हे या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. सकाळी त्यानंच सांगितलं होतं, मोठ्या आवाजात.

खिडकीपाशी उभ्या दराड्यांना फोनवरचं शेवटचं नीट ऐकू आलं नव्हतं. ते टेबलापाशी आले, जरा संकोचून, हातात संमती नोंदवायची यंत्रपाटी धरून. “घोलप, तेवढा अंगठा उमटवून जाता का? सोमवारच्या थेंबांसाठी. ठरलं होतं आपलं.”

सुयोगनं त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाला काही लावून बोलावंसं वाटलं नाही.

“मला निघायला हवं साहेब,” तो म्हणाला. “आत्ता.”